त्याज्य ठरलेलें चिकटद्रव्य

१९४२ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूवर हे बंदुकीच्या नेमदर्शकासाठीं पारदर्शक प्लास्टिक शोधीत होते. सायनोॲक्रिलेट हातीं आलें. पण तें जेथें लागे तेथें चिकटे, म्हणून त्याज्य ठरलें. १९५१ सालीं त्याच वर्गांतील द्रव्य तपासतांना सहकारी फ्रेड जॉयनर यांच्या हातून अपवर्तनमापकाचे दोन लोलक घट्ट जुळले. उपकरण गेलें, पण कूवर यांना दोषांतला गुण दिसला. १९५८ सालीं तें बाजारांत आलें.

आज रेझिनच्या प्रतिकृती जोडणारांस त्याचाच आधार आहे. पॉलिस्टायरीनचें चिकटद्रव्य पृष्ठभाग विरघळवून सांधतें. पॉलियुरेथेन रेझिन त्याला दाद देत नाहीं. सायनोॲक्रिलेट मात्र पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्यानें क्षणांत घट्ट होतें. म्हणूनच सांधा आधीं कोरडा जुळवून पाहावा. मागाहून चूक सुधारण्यास उसंत मिळत नाहीं.