घाईचा रंग

माथेरानची धूळ तांबडी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती बसते कुठं, हे फारसं कोणी बघत नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून बाजारापर्यंत चालत जावं आणि बूट न्याहाळावेत. पुढचा गुळगुळीत भाग नुसत्या हाताने पुसला तरी साफ होतो. पण शिवणीत, नाडीच्या भोकांत, तळव्याच्या सांध्यात धूळ घट्ट बसते. त्यामुळे दुकानात कधी नजरेत न भरलेली बुटाची शिवण न् शिवण उठून दिसायला लागते. खोलगट जागी गडद, उंचवट्यावर उजळ. वीतभर उंचीचे किंवा त्याहून लहान सैनिक झटपट रंगवण्याचं निम्मं शास्त्र एवढ्यात आलं.

टेबलावर लढाईचे खेळ मांडणारे लोक आज हे शास्त्र बाटलीत भरून विकत घेतात. त्याचं घराणं मात्र जुनं आहे, आणि एक शाखा माथेरानच्या पायथ्यापासून फार लांब नाही.

आपल्याकडचे असे सैनिक म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. पुण्यात त्यांना सरसकट ‘चित्रं’ म्हणतात. कसब्यातल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी ती रांगेने मांडलेली असतात: सिंहासनावरचे महाराज, भालदार, तुतारीवाला, तोफ, गवळण, भाजीवाली, वाघ, आणि त्यांच्याच शेजारी बंदूकधारी जवान. इतिहासाच्या मास्तरांना हे खपणार नाही, पण हळीव पेरलेल्या उतारावर सगळे गुण्यागोविंदाने नांदतात.

या चित्रांचे पूर्वज शोधायचे तर दोन ठिकाणी जावं लागतं. एक, दिवाळीतच अंगणात शेणाचे पांडव आणि गवळणी घालतात तिथं. बोटांनी दाबून केलेल्या त्या बाहुल्यांना रंग असा नसतोच. हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूच्या पाकळ्या, की झालं. दुसरं ठिकाण बेंदराच्या बाजाराचं. कुंभाराने केलेला मातीचा बैल, त्यावर चुन्याचा हात, शिंगांना काव, पाठीवर झुलीचे चार फटकारे. हा बैल मला जास्त जवळचा पूर्वज वाटतो, कारण त्यात पुढच्या सगळ्या कारागिरीचं बीज आहे. भाजलेली माती रंग पिऊन टाकते आणि स्वतःच्या तांबूसपणाने तो मळवते. आधी पांढरा हात दिला की वरचा रंग थोडक्यात खुलतो. वर ज्या भागाला काही लावायचं नाही, तो भाग आयता बैलाचा पांढरा रंग होतो. म्हणजे एका हातात दोन कामं.

मावळ्याने हे जसंच्या तसं उचललं. एक जुन्या धाटणीचा मावळा हातात घेऊन नीट पाहावा. अंगरखा पांढरा दिसतो, तो कोणी रंगवलेला नसतोच. तो खालचा हातच आहे. पगडीला लाल, एका वळणात. कमरेला शेल्याचा एक फटकारा. ढालीवर काळा ठिपका, त्यावर पिवळे चार. चेहऱ्याला गुलाबीसर रंग, दोन ठिपक्यांचे डोळे आणि मग मिशी: कुंचला टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. ही मिशी जमली की मावळा जिवंत झाला. हुकली तर तो रुसल्यासारखा दिसतो. आता त्याला उलटा करा. पाठ बहुतेकदा कोरीच असते. किल्ल्यावर त्याला समोरूनच बघणार आहेत, मग मागे रंग कशाला घालवायचा?

याला कोणी कामचुकारपणा म्हणेल. मी त्याला हिशेब म्हणेन. गणपती झाले, देवीच्या मूर्ती गेल्या, की दिवाळीपर्यंत कुंभाराच्या हातात थोडे दिवस उरतात आणि त्यातच पणत्याही करायच्या असतात. नगाला मिळणारा पैसा थोडा, मुदत ठरलेली. पाडव्यानंतर मावळ्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून एकेक मावळा पुरा करत कोणी बसत नाही. फळीवर रांग लावायची, एकाने सगळ्या पगड्या लाल करत जायच्या, दुसऱ्याने सगळे चेहरे. शेवटची पगडी होईतो पहिली वाळलेली असते. कुंचला धुवायचा वेळ वाचतो, आणि सारखा एकच फटकारा मारून हात असा बसतो की मिशी न बघताही नीट उमटावी.

हीच रीत मोठ्या प्रमाणावर पाहायची तर माथेरानवरून खाली उतरून पेणला जावं. पेण आणि शेजारची हमरापूर, जोहे ही गावं वर्षभर गणपती करतात. तिथंही साचा, सांधा घासणं, पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग सोवळं, मग दागिने, अशी कामाची वाटणी असते. पातळ प्लास्टर साच्यात ओतून फिरवायचं, म्हणजे मूर्ती आतून पोकळ आणि हलकी राहते. डोळ्यांची आखणी मात्र ज्याच्या-त्याच्या हाती देत नाहीत. सगळी घाई करून वाचवलेला वेळ शेवटी त्या दोन डोळ्यांवर खर्च होतो. रंगाची फवारणी आल्यावर धोतराच्या चुण्यांना आणि सोंडेच्या वळणाला सावली देणं सोपं झालं: पिचकारी तिरकी धरली की वळणाच्या एका अंगाला रंग लागतो, दुसरं अंग मोकळं राहतं.

19व्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये वेगळ्याच मालावर हाच हिशेब चालू होता. विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने 1893 मध्ये पोकळ शिशाचे सैनिक बाजारात आणले. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, भिंतीलगतचा थर गोठला की आतला उरलेला धातू परत ओतून घ्यायचा. पेणच्या पोकळ गणपतीचा हा चुलतभाऊच. धातू कमी लागला, सैनिक स्वस्त झाला आणि तोवर बाजार गाजवणाऱ्या जर्मन खेळण्यांना मागं हटावं लागलं. रंगकाम बायका करत, नगावर मजुरी घेऊन. त्यामुळे तिथंही तेच: लाल डगला एका दमात, डोळ्यांचे दोन ठिपके, पुढचा घ्या. 1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून या सैनिकांना खेळाचे नियम दिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा मारायचा आणि पडले ते मेले, असा सरळ मामला होता.

वळण आलं ते 1979 च्या सुमारास. इंग्लंडमध्ये सिटाडेल ही कंपनी निघाली, 1983 मध्ये वॉरहॅमर हा खेळ आला आणि बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांवर चिलखताची कडी न् कडी दिसायला लागली. ते न रंगवता विकले जातात. खेळायला शंभरेक लागतात, आणि रंगवायचे ते विकत घेणाऱ्यानेच. लंडनच्या बायका आणि कसब्यातले कुंभार जे पैशासाठी करत होते, ते काम आता गिऱ्हाईक पैसे मोजून करायला लागलं. साहजिकच त्यालाही कुंभाराची अडचण आली. अडचण तीच, म्हणून उपायही तेच निघाले, फक्त त्यांना पेटंटछाप नावं मिळाली. डेन्मार्कच्या आर्मी पेंटर या कंपनीने रंग मिसळलेल्या व्हार्निशचा डबाच काढला: सैनिक बुडवा, झटका, वाळवा. 2019 मध्ये सिटाडेलने ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आणले. पांढऱ्या हातावर एकच थर द्यायचा, तो उंचवट्यावरून ओघळून खाचेत साचतो, आणि रंग व सावली एकदम मिळते. बेंदराच्या बैलाला यात नवल वाटलं नसतं.

हे सगळं आपल्या प्लास्टरच्या मावळ्यावर घरी करता येतं. प्लास्टर पाणी शोषतं, म्हणून आधी फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात द्यावा. मावळे लाकडी पट्टीवर ओळीने चिकटवावेत, म्हणजे रंगलेल्या अंगाला बोट लागत नाही. मग पांढरा हात, आणि एका वेळी एकच रंग. पोस्टर कलर वापरू नयेत. पुढच्या पायरीला ते विरघळून चिखल होतो. ॲक्रिलिक बरे. पूर्ण वाळल्यावर तपकिरी रंग कोऱ्या चहाइतका पातळ करायचा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. पाण्याचा ताण मोडतो आणि रंग थेंब धरून न बसता चुण्यांत, बोटांच्या फटीत, पगडीच्या पिळांत स्वतःहून धावतो. वर राहिलेला फडक्याने टिपून घ्यायचा. माथेरानच्या वाटेवर बुटाला जे दिवसभरात होतं ते इथं मिनिटभरात होतं.

त्याच्या उलट काम कोरड्या कुंचल्याचं. हस्तिदंती रंगात कुंचला बुडवून कागदावर इतका पुसायचा, की आता यात काही उरलं नाही असं वाटावं. मग मावळ्यावरून भराभर फिरवायचा. रंग फक्त कडांना लागतो. तो कुठं आणि किती लागावा, हे शिकायला लुईझा पॉइंटवर उभं राहावं. समोर प्रबळगड असतो, जुन्या कागदांतला मुरंजन, 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या किल्ल्यांपैकी एक. ऊन वरून पडतं तेव्हा त्याचा माथा आणि कड्यांच्या धारा तेवढ्या उजळतात, कपारी काळ्या राहतात. हल्लीचे खेळणारे आधी सैनिकाला काळा करतात आणि वरून तिरका पांढरा फवारा मारतात, तो यासाठीच.

डोळे? एवढ्या लहान मावळ्याचे डोळे रंगवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत आणि रंगवले तर मावळा दचकल्यासारखा दिसतो. भुवईखाली सावली साचू द्यावी. मिशी मात्र हवी. पायाखालच्या पाटाला फेविकॉल लावून त्यावर चाळलेली तांबडी माती भुरभुरावी. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा जंगलातून पिशवी भरून आणायची नाही. बुटांना लागून येते तेवढी पुष्कळ होते.

राहता राहिली लढाई. आपल्या किल्ल्यावर ती होतच नाही, कारण शत्रू म्हणून एकटा अफझलखान मिळतो आणि तोही महाराजांच्या मिठीत, मेल्यातच जमा. दोन फौजा असल्या की रंगाला वेगळं काम लागतं. लांबून कोण कुणाचा ते कळलं पाहिजे. मांडायला लढाई तर जवळच आहे. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत 2 फेब्रुवारी 1661 ला मोगल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद वाटेत अडवली गेली आणि शरण आली. मावळे वर झाडीत, खान खाली: टेबलावर अर्ध्या तासात उभी राहते. मोगल साच्यात मिळणार नाहीत, पण त्याच भालदाराची पगडी लालऐवजी हिरवी केली, पांढरा अंगरखा पिवळा केला, की काम भागतं. अडतं ते रायबागन या लढवय्या बाईपाशी. खानाबरोबर ती होती आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला. तिचं चित्र कुठल्याच बाजारात नाही. त्यावर उपाय एकच: गवळण घ्यायची, डोक्यावरचा हंडा बारीक करवतीने उतरवायचा, कापल्या जागी प्लास्टरचा पदर बसवायचा आणि एखादा वाया गेलेला घोडेस्वार उतरवून तिला त्याच्या घोड्यावर चढवायचं.