चरातून पातेल्यात : घरगुती स्मोकरची कुळकथा

मंद आचेवर आणि लाकडाच्या धुरात मांस शिजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झाकणबंद भट्टीला अमेरिकेत ‘स्मोकर’ म्हणतात. तिचा हौशी लोकांनी घडवलेला एक छोटा प्रकार म्हणजे कोळशाची गोल शेगडी आणि तिच्यावर बसवलेले, बूड कापून काढलेले अॅल्युमिनियमचे उंच पातेले. डुकराच्या बरगड्या शिजवण्याचे काम ही जोडणी चोख बजावते. मात्र तिचे कूळ तपासले असता असे दिसते की, बरगड्या, कोळसा आणि भांडे यांपैकी बहुतेक सर्व गोष्टी दुसऱ्याच कोणत्या तरी धंद्यातून उरलेल्या किंवा दुसऱ्याच कामासाठी घडवलेल्या आहेत.

या पद्धतीचे मूळ जमिनीतील चरात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘बार्बेक्यू’ हे सामुदायिक भोजन अठराव्या शतकात चांगलेच रुळले होते आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७६९च्या रोजनिशीतही अशा एका मेजवानीची नोंद सापडते. लांब चर खणायचा, बाजूला लाकडे पेटवून त्यांचे निखारे फावड्याने चरात पसरायचे आणि वर आडव्या टाकलेल्या दांड्यांवर अख्खे डुक्कर रात्रभर शिजू द्यायचे, अशी ही रीत होती. हे कष्ट बहुतांशी गुलामगिरीत जखडलेल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येत, आणि निखारे कोठे व किती टाकावेत ही विद्याही त्यांच्याच हातांत मुरलेली होती.

अख्ख्या डुकरातून बरगड्या वेगळ्या झाल्या त्या मांसप्रक्रियेच्या कारखान्यांमुळे. शिकागो येथील ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ हा जनावरांचा प्रचंड बाजार १८६५मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती मांस खारवून दूरवर पाठवणारे कारखाने वाढले. मांडी, खांदा आणि पोटाकडील चरबीदार भाग यांना मागणी होती. हाडेच अधिक असलेल्या बरगड्या मात्र पिंपात निष्कारण जागा अडवत आणि खारवून टिकवण्याच्या दृष्टीनेही गैरसोयीच्या ठरत, त्यामुळे कारखान्यांच्या परिसरात त्या स्वस्तात मिळत. पुढे १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेले, तेव्हा चरावरची विद्या त्यांच्याबरोबर या कारखान्यांच्या दारी पोहोचली. त्याआधीच टेनेसीतून आलेल्या हेन्री पेरी यांनी १९०८च्या सुमारास कॅन्सस सिटीत धुरावलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकण्यास सुरुवात केली, आणि त्या शहराच्या बार्बेक्यू परंपरेचा आरंभ त्यांच्यापासूनच मानला जातो.

शहरात चर खणण्यास जागा नसल्याने चराच्या जागी भांडे आले. तेल वाहून नेण्यासाठी लाकडी पिंपांऐवजी पोलादी पिंपे वापरात येत होती. हेन्री वेरहान यांनी अशा पिंपाच्या रचनेचे पेटंट १९०५मध्ये मिळवले, आणि ते ज्या कंपनीत काम करत ती त्या वेळी प्रसिद्ध पत्रकार नेली ब्लाय यांच्या ताब्यात होती. सुमारे २०८ लिटरचे हे पिंप रिकामे झाले की तळाशी हवेसाठी भोके पाडून आणि वरच्या बाजूस जाळी टाकून त्याची भट्टी करता येत असे.

कोळशाचा इतिहासही याच वळणाचा आहे. कोळशाची भुकटी खळीत कालवून दाबलेल्या वड्यांना ‘ब्रिकेट’ म्हणतात. एल्सवर्थ झ्वोयर यांनी त्यांच्या एका घडणीचे पेटंट १८९७मध्ये घेतले असले, तरी त्यांचा मोठा प्रसार हेन्री फोर्ड यांनी केला. मोटारींच्या लाकडी भागांसाठी मिशिगन राज्यात उभारलेल्या कारखान्यात लाकडाचे तुकडे आणि भुसा यांचे ढीग साचत, म्हणून १९२०च्या दशकात त्यांपासून ब्रिकेट बनवून ती फोर्डच्या विक्रेत्यांमार्फत विकली जाऊ लागली. एकसारख्या आकारामुळे ती सावकाश आणि समान जळतात, आणि लहान भट्टीला याच गुणाची गरज असते.

भट्टी झाकणबंद करण्याचे श्रेय मात्र एका कारागिराचे आहे. समुद्रातील खुणेच्या बोया बनवणाऱ्या शिकागोच्या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी १९५२मध्ये धातूची बोया मधोमध कापून एका अर्ध्याची शेगडी केली, दुसऱ्याचे झाकण केले आणि हवेसाठी झडपा ठेवल्या. ‘वेबर’ या नावाने ही शेगडी घरोघरी गेली आणि त्याच कंपनीने १९८१मध्ये तीन भागांचा उभट स्मोकर बाजारात आणला. त्याची धाटणी हेरून हौशी लोकांनी वेबरची सहलीसाठी असलेली साडेचौदा इंच व्यासाची शेगडी घेतली आणि मक्याच्या पिठाचे तमाले हे मेक्सिकन पदार्थ वाफवण्याचे सुमारे तीस लिटरचे पातेले बूड कापून तिच्यावर चढवले. निखाऱ्यांची धग थेट मांसावर येऊ नये म्हणून कुंडीखालची मातीची ताटली फॉइलमध्ये गुंडाळून मध्ये ठेवली जाते.

या भट्टीत तापमान कोळशाच्या प्रमाणापेक्षा हवेवर अधिक अवलंबून असते. टोपलीत न पेटवलेली ब्रिकेट भरून वर मोजकेच निखारे ठेवले जातात आणि आग हळूहळू खाली उतरते. खालची झडप किंचित उघडी ठेवून आतील उष्णता ११० ते १२० अंश सेल्सियसच्या आसपास राखली जाते. झाकण वारंवार उघडल्यास प्राणवायू आत घुसून निखारे भडकतात. आपल्याकडे तयार पदार्थाला शेवटी धुंगार देतात; येथे मात्र हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे धुमसते तुकडे शिजण्याच्या काळातच वास मुरवतात. धुरातील नायट्रिक ऑक्साइडचा मांसाच्या रंगद्रव्याशी संयोग होऊन पृष्ठभागाखाली गुलाबी पट्टा उमटतो. दरम्यान हाडांभोवतीच्या चिवट कोलाजेनचे जिलेटिन होते आणि पाच-सहा तासांनी बरगड्यांचा पट्टा चिमट्याने एका टोकाला उचलला असता तो लवतो व वरची साल तडकू लागते; हीच तो शिजल्याची खूण मानतात.

पुढे या प्रवासाने उलटी दिशा घेतली. स्वस्तात मिळणाऱ्या बरगड्यांना उपाहारगृहांत मानाचे स्थान आणि तसाच दर मिळाला, धुरावण्यासाठीच घडवलेली कोरी पिंपे विकली जाऊ लागली, आणि २०१४मध्ये वेबरने साडेचौदा इंचांचा तयार स्मोकर काढला, तेव्हा हौशी लोक पातेले कापून जे मिळवत होते तेच त्याच मापात दुकानात आले. तरीही पातेले कापण्याचे थांबलेले नाही, कारण ज्याच्या घरी ती छोटी शेगडी आधीच आहे त्याला आणखी एका पातेल्याचाच खर्च येतो.