मातृभाषेचे उत्तर आणि जनगणनेचे कोष्टक

लांज्यातील एखाद्या गृहस्थाने मातृभाषा ‘संगमेश्वरी’ अशी सांगितली, तर जनगणनेत त्या शब्दाचे काय होते? ग्रिअर्सन यांनी १९०५ मध्ये भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात या बोलीची मराठीखाली स्वतंत्र नोंद केली होती. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषा प्रसिद्ध केल्या. १९७१ पासून मात्र दहा हजारांहून कमी भाषकांची नावे ‘इतर’ या सदरात लोटली गेली. २०११ मध्ये आलेली १९,५६९ कच्ची नावे छाननीअंती १,३६९ वर आली. त्यांत मालवणी कोकणीखाली उरली. संगमेश्वरीस मराठीखाली ओळ नाही. बहुतेकांनी ‘मराठी’ एवढेच सांगितले असावे, हेही संभवते. परंतु ते ठरविणार कसे? मूळ उत्तराचा रकाना संकेतांकाच्या रकान्याशेजारी छापलेलाच नाही.