मातीचा बैल काय सांगतो

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान मोचे लोक नांदत होते. कुंभाराचे चाक त्यांना ठाऊक नव्हते. साच्यात माती दाबून ते भांडी घडवीत. कुठे लामा बसलेला, कुठे घुबड, कुठे बेडूक. वर रिकिबीसारखी वळलेली नळी. घोडा मात्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता! अशी कितीतरी भांडी मृतांसोबत पुरलेली असत.

आता आपल्या पुणे जिल्ह्यात या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्या कामातली मोठी नावे. तीन हजार वर्षांहून जुने शेतकऱ्यांचे गाव मातीखालून वर आले. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीचा झाकणाचा डबा सापडला. आत स्त्रीमूर्ती, वर एक शीर नसलेली स्त्री आणि एक बैल. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की ती बैलावर बसते.

मोचेंच्या भांड्यांपुढे हा बैल अगदी ओबडधोबड, भाजलेलाही नाही. तरी तो आपल्याशी जास्त बोलतो. का? तो जिथे ठेवला होता तिथेच अभ्यासकांना मिळाला. घर कोणते, थर कोणता, शेजारी काय होते, सगळे नोंदले गेले. मोचेंची असंख्य सुरेख भांडी मात्र थडगी फोडणाऱ्यांनी उपसून विकली. ती कुणाच्या उशाशी होती, हे आता कोण सांगणार? १९८७ साली सिपान येथे लुटारूंच्या मागोमाग पुरातत्त्वज्ञ पोहोचले, म्हणून तिथली राजथडगी तरी वाचली.

आमच्या उत्रोलीत, भोर-वेल्ह्यात, पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल नाही तोही मातीचा बैल पूजतो. मातीत जनावर पाहण्याची ही नजर फार जुनी आहे. म्हणून नांगरताना, पाया खणताना एखादे चित्रांकित खापर निघाले, तर ते उचलून घराच्या फळीवर ठेवू नका. जागेवरच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. खापर फुटले तर जोडता येते. त्याची जागा एकदा हरवली, की त्याची वाचा कायमची जाते.