बाथटबचं पाणी तर जातंय, मग बाथरूममध्ये गटारीचा वास का?

मिरचीच्या बाजारामुळे ओळखल्या जाणाऱ्या धर्माबादसारख्या गावातही हल्ली दुमजली घर बांधताना कुणीतरी हौसेने वरच्या मजल्यावर बाथटब बसवतंच. मराठवाड्यात आणि टब, असं म्हणून हसू नका. प्रश्न टब भरण्याचा नाही, रिकामा होण्याचा आहे. टब सोडला की शेजारच्या नहाणी ट्रॅपमधून गडगड आवाज येतो, आणि थोड्या वेळाने वास. मालक फिनाईल ओततो, डांबरगोळ्या टाकतो, प्लंबर जाळी बदलतो. वास तसाच राहतो, कारण चूक फरशीखाली आहे.

आधी ट्रॅप म्हणजे काय ते बघू. मोरीच्या जाळीखाली किंवा बेसिनखाली पाईपला जो वाकडा भाग असतो, त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं. हे पाणी म्हणजेच बूच. पाणी खाली जातं, पण सेप्टिक टँकमधला वायू वर येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली संडासासाठी अशा वाकड्या पाईपचं पेटंट घेतलं आणि आजही तत्त्व तेच आहे. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, उंचीचं पाणी हवं. घर आणि गटार यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा!

आता टबाचं गणित. अंघोळीच्या बादलीत १५-२० लिटर पाणी असतं. टबात १५० ते २०० लिटर. म्हणजे दहा बादल्या एका दमात, पाईप पूर्ण भरून निघतात. ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीने डिझेल काढताना एकदा ओढ लागली की ते आपोआप येत राहतं ना, तसंच इथे होतं. पुढे धावणारं पाणी मागे पोकळी करतं आणि ट्रॅपमधलं राखीव पाणीही ओढून नेतं. त्याच पाईपवर बेसिन किंवा नहाणी ट्रॅप असेल तर त्यांचंही पाणी जातं. तो गडगड आवाज म्हणजे पाईप जिथून मिळेल तिथून हवा ओढतोय.

उपाय सोपा आहे: पाईपला हवा द्या. त्यासाठीच व्हेंट पाईप असतो. टबाच्या तळाचं तोंड आणि वरचं ओव्हरफ्लोचं तोंड आधी टीने एकत्र येतात, मग ट्रॅप, मग आडवा पाईप, आणि त्या आडव्या पाईपवरून व्हेंट उभा वर जातो. तो किती अंतरावर काढायचा, इथेच बहुतेक जण चुकतात. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतचा एकूण उतार पाईपच्या व्यासापेक्षा जास्त नको. जास्त झाला तर व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीखाली जातं आणि हवा पोचतच नाही. ५० मिलिमीटरचा पाईप ४० ला १ या उताराने टाकला, तर हे अंतर २ मीटर भरतं. त्याच्या आतच व्हेंट घ्या. ‘पाणी लवकर जावं’ म्हणून मिस्त्री भरपूर स्लोप देतो, ते इथे उलटं पडतं.

व्हेंट गच्चीच्या वर न्यायचा, तोंडाला काऊल आणि डासांची जाळी लावायची. तो गच्चीच्या कठड्यापाशी किंवा वरच्या खिडकीशेजारी कापून सोडू नका. सेप्टिक टँकचा व्हेंट वेगळा. टँक घरापासून १५ मीटरच्या आत असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर त्याचा पाईप घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्यावा असं भारतीय मानक सांगतं. बाजारात फक्त हवा आत घेणारा व्हॉल्व्हही मिळतो. टबाजवळ जागा नसेल तर तो चालतो, पण आतला दाब तो बाहेर सोडत नाही. त्यामुळे टँकच्या व्हेंटऐवजी तो लावता येत नाही.

टबाचं पाणी थेट सेप्टिक टँकमध्ये सोडू नये, हे माझं स्पष्ट मत. एवढं पाणी अचानक पडलं की तळाचा गाळ ढवळून पुढे शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा तुंबतो. जुन्या पद्धतीत बाथरूमचं पाणी बाहेर उघड्यावरच्या गल्ली ट्रॅपमध्ये पडायचं आणि मग नालीत किंवा शोषखड्ड्यात जायचं. ती पद्धत गावठी नव्हती, शहाणी होती.

व्हेंट बरोबर असला तरी आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे: उन्हाळा. मराठवाड्यात अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत लोक मोरी धूत नाहीत, नुसती पुसतात. पाहुण्यांच्या खोलीतलं बाथरूम महिनोन्‌महिने बंद असतं. मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी गेलात, तर परत येईपर्यंत ट्रॅप कोरडा झालेला असू शकतो.

यात फक्त नाक मुरडण्यासारखं काही नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक लोकांना झाली. तपासात आढळलं, की बाथरूमच्या फरशीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट फॅन सुरू केला की सांडपाण्याच्या पाईपमधली दूषित हवा घरात ओढली जात होती. तिथेही लोक फरशी धुण्याऐवजी पुसत होते.

म्हणून न वापरल्या जाणाऱ्या मोरीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओता, भांडी धुतलेलं चाललं तरी. बरेच दिवस बाहेर जाणार असाल तर वरून चमचाभर गोडेतेल टाका. त्याचा थर पाण्याची वाफ होऊ देत नाही.

नवं काम असेल तर फरशी बसवण्याआधी टब काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. बाजूच्या जाळीवर टिश्यूचा कपटा ठेवा. कपटा आत ओढला गेला किंवा गडगड ऐकू आली, तर प्लंबरला तिथेच थांबवा. नंतर फरशी फोडण्यापेक्षा तेव्हा एक टी आणि चार फूट पाईप लावणं कितीतरी स्वस्त पडतं.

आणि वास कुठून येतो हे बघायला सेप्टिक टँकचं झाकण उघडून आत वाकू नका, कुणाला उतरवूही नका. तिथला हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. साधनांशिवाय टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. नगरपरिषदेची किंवा खासगी मैला उपसा गाडी बोलवा, आणि ती येईपर्यंत झाकण बंदच ठेवा.