घरातला लाडका कुत्रा माणसांवर का धावून जातो?

जुलै २०२२ मध्ये लखनौत एका पाळीव पिटबुलने घरातल्याच ८२ वर्षांच्या महिलेचा जीव घेतला. अशी घटना घडली की चर्चा सुरू होते ती जातीची. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी आणण्याची सूचना राज्यांना दिली. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ताकदवान कुत्र्याचा चावा जास्त घातक ठरतो, हे खरं. पण कुत्रा चावतो का, याचं उत्तर फक्त जातीत सापडत नाही.

भीती : हे सगळ्यात मोठं कारण. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू माणसं, आवाज, गाड्या ओळखायला शिकतं. या काळात ते कोंडून राहिलं, तर पुढे प्रत्येक अनोळखी माणूस त्याला धोका वाटू शकतो.

दुखणं : कानाचा संसर्ग, दातदुखी, सांधेदुखी. शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर आधी पशुवैद्याकडे न्या.

राखण : जेवणाचं भांडं, पिल्लं, घराचं दार. डिलिव्हरी बॉय येतो, कुत्रा भुंकतो, तो निघून जातो. कुत्र्याला वाटतं, आपणच त्याला पळवलं! रोज हेच घडलं की सवय पक्की होते.

मार आणि साखळी : सतत बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, मग उरतो तो चावा. मारल्याने भीती आणखी वाढते.

इशारे ओळखा

‘अचानक चावला’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा कुत्रा आधी सांगत असतो. अंग ताठ होणं, ओठ चाटणं, नजर चुकवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं आणि मग गुरगुरणं. गुरगुरल्याबद्दल मार मिळाला, तर तो पुढच्या वेळी इशारा न देता थेट चावू शकतो. लहान मुलांना हे इशारे कळत नाहीत, म्हणून त्यांना कुत्र्यासोबत एकटं सोडू नका.

चावलाच तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. ‘घरचाच आहे, लस दिलीय’ म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं.

आणि हो, जबाबदारी मालकाचीच. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.