पुलगाव–आर्वी रेल्वे

‘आर्वीची गाडी’ म्हणजे वर्धा जिल्ह्यातली पुलगाव–आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे. ती १९१७ साली सुरू झाली. मालकी होती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ही याच कंपनीची, म्हणून ही तिची धाकटी बहीण.

मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्येच पूर्ण झाला होता. आर्वी परिसरातला कापूस त्या मार्गापर्यंत पोचवायला ही शाखा हवी होती. तिचे रूळ अडीच फूट अंतराचे, मुख्य मार्गाचे साडेपाच फुटांचे. त्यामुळे पुलगावला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. प्रत्येक गाठीला हमालांचे हात दोनदा लागत.

आता ही गाडी बंद आहे. अरुंदमापी इंजिने आणि डबे पाहायचे, तर नागपूरच्या मोतीबागेतले २००२ साली उघडलेले रेल्वे संग्रहालय जवळचे. मात्र तिथे मुख्यतः यंत्रांची कथा कळते. कापूस, हमाल, व्यापारी आणि प्रवासी यांचा इतिहास सांगणारे दालन या मार्गावरच्याच एखाद्या स्थानकात उभे राहायला हवे. जुनी तिकिटे, पावत्या, छायाचित्रे आणि ज्येष्ठांच्या आठवणी यांचे संकलन त्यासाठी आताच व्हावे.
— संपादक